बिळात कोण आहे, ते आधी बघा

भात पोटरीवर आले की आमच्या शहापूर-मुरबाडकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर उंदीर निर्मूलन मोहिमेचे पत्रक लागते. त्यावर एक उंदीर छापलेला असतो, करडा, मिशा पिंजारलेला. खाली विषाचे प्रमाण असते: शंभर भागांत शहाण्णव भाग भरडलेले धान्य, दोन भाग गोडेतेल, दोन भाग झिंक फॉस्फाइड. याच दोन तालुक्यांत कृषी सहायक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो, त्यामुळे खळीचा डबा घेऊन ही पत्रके मीही चिकटवली आहेत. माझा आक्षेप विषाच्या प्रमाणावर नाही, ते बरोबर आहे. आक्षेप त्या चित्रावर आहे. पत्रकातला तो एकच एक उंदीर आमच्या एकाही खाचरात राहत नाही.

बांधावर उकिडवे बसून नीट पाहिले तर वेगवेगळे भाडेकरू दिसतात. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग आणि तोंड आतून बुजवलेले असेल, तर ती शेतातली लहान घूस. भाताचे सर्वांत मोठे नुकसान हीच करते. फुटवे कातरते आणि लोंब्या कापून जमिनीखाली स्वतःचे कोठार भरते. बांधाच्या बगलेला जेमतेम बोट जाईल एवढे भोक आणि त्यापुढे चाळल्यासारखी बारीक माती असेल, तर आत दहा-बारा ग्रॅमचा शेतातला पिटुकला उंदीर. वरकस जमिनीत, नाचणी-वरीच्या कडेला, मऊ लव असलेला एक उंदीर सापडतो. त्याचे शास्त्रीय नाव मिलार्डिया. हे नाव बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्यावरून 1911 मध्ये ठेवले गेले. हे गृहस्थ मुंबईत दारूच्या व्यापाऱ्यांच्या पेढीत नोकरीला होते आणि उरलेल्या वेळात त्यांनी देशभरच्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणाचा खटाटोप केला. असे सचिव संस्थांना हल्ली मिळत नाहीत. घरात मात्र, कणगीमागे आणि आढ्यावर, राज्य असते काळ्या उंदराचे, म्हणजे शास्त्रातल्या रॅटस रॅटसचे. चिचुंद्री उंदीर नव्हेच, ती किडे खाते. पण काठी तिच्याही पाठीत बसते.

हा फरक मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवला गेला नाही. तो मी कातकरी आदिवासींकडून शिकलो. कापणी झाली, उडव्या रचल्या गेल्या, की कार्तिक-मार्गशीर्षात कातकरी कुटुंबे बांधावर येतात. एकजण बिळाच्या एका तोंडाशी धूर करतो, बाकीची तोंडे मातीने बंद केलेली असतात, एकावर बाई किंवा पोर हात टाकून बसते. उंदीर खायला मिळतो आणि घुशीच्या कोठारातले भातही मिळते. किन्हवलीच्या बाजूला असाच एक म्हातारा होता. आम्ही त्याला बाबा म्हणत असू. जंगलाला लागून असलेल्या एका खाचराच्या कडेला त्याने पकडलेला उंदीर शेपटीला धरून माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, ‘‘भाऊसाहेब, हा घरचा नाय, रानचा हाय. पोट बघा.’’ पोट पांढरे होते, केस मऊ होते. मला तो घरातल्यासारखाच वाटला होता. बाबाने तो बाजूला ठेवला, कारण त्याच्या मते घरच्याची चव वेगळी आणि रानच्याची वेगळी.

बाबा जे पोटाचा रंग पाहून सांगत होता, ते शास्त्रज्ञांना मान्य करायला बराच काळ लागला. ही गोष्ट सह्याद्रीचीच आहे.

1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीला आला आणि उंदीर हा सरकारी चिंतेचा विषय झाला. परळच्या प्रयोगशाळेत 1905 पासून प्लेग आयोगाचे काम चालले आणि उंदीर, त्याच्या अंगावरची पिसू आणि माणूस ही साखळी पक्की झाली. मग प्रश्न आला की कोणता उंदीर? मिलार्ड ज्यासाठी धडपडत होते ते सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण 1911 मध्ये खानदेशातून सुरू झाले. त्यात गोळा झालेल्या कातड्या आणि कवट्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या, आणि मार्टिन हिंटन यांनी 1918 मध्ये भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या घरउंदरांवर अहवाल लिहिला. (पिल्टडाउनच्या बनावट कवटीच्या प्रकरणात ज्यांच्यावर पुढे संशय घेतला गेला, ते हेच हिंटन. उंदरांच्या कवट्यांशी मात्र ते इमानदार होते.) सातारा जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या उंदराला त्यांनी ‘सताराई’ असे नाव दिले, पण त्याला काळ्या उंदराची एक उपजात म्हणूनच ठेवले. वेगळे घर दिले नाही.

जवळजवळ शतकभर तो तसाच राहिला. 2011 मध्ये मारी पाजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातील सह्याद्रीतले उंदीर तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. एकाच भागात राहणाऱ्या या दोन उंदरांची शरीरे, गुणसूत्रे आणि जनुके त्यांनी शेजारी ठेवून पाहिली. काळ्या उंदराच्या पेशीत 38 गुणसूत्रे, सताराईच्या पेशीत 42. जनुकेही वेगळी. झाडावर वावरणारा, मऊ केसांचा, पांढऱ्या पोटाचा हा रानउंदीर स्वतंत्र जात ठरला. आज त्याचे नाव रॅटस सताराई आहे. एखाद्या प्राण्याच्या शास्त्रीय नावात आपल्या जिल्ह्याचे नाव असावे याचा अभिमान सातारकरांनी बाळगावा. निदान तो प्राणी उंदीर आहे म्हणून लाजू नये.

38 आणि 42 हा आकड्यांचा खेळ समजून घेण्यासारखा आहे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. जपानमधले तोसिहिदे योसिदा यांनी जगभरच्या काळ्या उंदरांची गुणसूत्रे मोजण्यात आयुष्य घातले. आशियाच्या बऱ्याच भागातल्या उंदरांत ती 42, श्रीलंकेत 40, आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियाकडे 38. दोन आखूड दोऱ्या टोकाला गाठ मारून जोडल्या की दोऱ्यांची संख्या कमी होते, सुताची लांबी तेवढीच राहते. गुणसूत्रांचे असेच होते. योसिदांचा निष्कर्ष असा की ही जोडणी नैऋत्य भारताच्या बाजूला झाली आणि 38 वाला उंदीर इथूनच पश्चिमेकडे गेला. 1973 मध्ये एस. सी. लाखोटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैऋत्य भारतात 38 आणि 42 गुणसूत्रांचे उंदीर एकत्र राहत असल्याचे दाखवले. 38 आणि 42 चे उंदीर प्रयोगशाळेत एकत्र ठेवले तर पिल्ले होतात, 40 गुणसूत्रांची. पण त्या पिल्लांची पुढची पैदास फारच कमी.

मग हे एकमेकांचे चुलत भाऊ वेगळे कधी झाले आणि पुन्हा एकमेकांसमोर कधी आले? याच्या उत्तरात हिमयुग येते.

हिमयुग म्हटले की लोकांना बर्फ आठवते. माहुलीवर किंवा नाणेघाटात बर्फ नव्हते. साधारण वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटचे हिमयुग ऐन भरात असताना, पृथ्वीचे इतके पाणी उत्तरेकडच्या बर्फात अडकले होते की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता आणि कोकणचा किनारा आजच्या किनाऱ्यापासून खूप दूर पश्चिमेला होता. आपल्याकडे हिमयुगाचा अर्थ कोरड असा होता. नैऋत्य मोसमी वारे दुबळे झाले होते. निलगिरीच्या पठारावरच्या दलदलीत साचलेल्या कुजलेल्या वनस्पतींचे थर रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले आणि 1993 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले की त्या काळात तिथे कोरड्या हवेत तग धरणारी गवते माजली होती. जिथे पाऊस टिकला त्या घळींत आणि घाटाच्या ओल्या कुशीत जंगल आक्रसले. जंगलाबरोबर जंगलात राहणारेही आक्रसले. दोन घळींच्या मध्ये मोकळे माळ आले की झाडावरच्या उंदराला ते माळ म्हणजे समुद्रच.

सुमारे 11,700 वर्षांपूर्वी हिमयुग संपले. पाऊस परतला, झाडी पसरली, घळीतले रहिवासी बाहेर आले आणि हजारो वर्षे न भेटलेले नातेवाईक पुन्हा समोरासमोर उभे राहिले. त्यांच्यात मग काय घडते, हा सगळ्या जगातल्या प्राणिशास्त्रज्ञांचा आवडता प्रश्न आहे. कधी ते ओळखच दाखवत नाहीत. कधी एका पट्ट्यात मिसळतात आणि तिथेच थांबतात. युरोपात घरातल्या पिटुकल्या उंदराच्या दोन शाखा, एक पूर्वेकडची, एक पश्चिमेकडची, डेन्मार्कपासून बल्गेरियापर्यंत एका लांबच लांब पट्ट्यात भेटतात. या पट्ट्यात संकर होतो, पण पट्टा रुंद होत नाही, कारण मिश्र पिल्लांची पैदास बेताची असते. या दोन शाखांना तिथे नेले ते हिमयुगानंतर शेती घेऊन सरकलेल्या माणसाने.

आणि कधी नातेवाईक निघून जातो, पण मागे काहीतरी ठेवून जातो. स्पेनच्या उत्तरेकडचे ससे हे याचे सर्वांत सुंदर उदाहरण. त्यांच्यातल्या अनेकांच्या पेशींत, आईकडूनच येणाऱ्या जनुकांत, उत्तरेतल्या बर्फाळ प्रदेशातल्या डोंगरी सशाचे जनुक आहे. तो डोंगरी ससा आज स्पेनमध्ये नाही. हिमयुगात तो दक्षिणेपर्यंत उतरला होता, तिथल्या सशांशी त्याची सोयरीक झाली, बर्फ हटले तसा तो उत्तरेला परतला किंवा संपला. मागे राहिले ते सशांच्या रक्तात. अमेरिकेतल्या बर्फाळ ससा नावाच्या जातीत काही ठिकाणचे ससे हिवाळ्यात पांढरे होत नाहीत, तपकिरीच राहतात. तो तपकिरी रंग त्यांनी दुसऱ्या जातीच्या सशाकडून उसना घेतल्याचे 2018 मध्ये सिद्ध झाले. बर्फ कमी पडणाऱ्या ठिकाणी पांढरा ससा कोल्ह्याला लांबून दिसतो, तपकिरी दिसत नाही. उसने घेतलेले जनुक त्याला वाचवते.

मी हे मुद्दाम सांगतो आहे, कारण आमच्याकडे संकर म्हटले की माणसे नाक मुरडतात. संकरित भाताचे बियाणे मात्र रांगा लावून नेतात. कर्जतच्या संशोधन केंद्राचे ‘सह्याद्री’ बियाणे आले तेव्हा मी स्वतः गावोगाव त्याचा प्रचार केला आहे. निसर्गातला संकर चांगलाही नाही आणि वाईटही नाही. बघायचे असते ते एवढेच, की दोघांमधली भिंत कोणी पाडली आणि पलीकडून काय आले.

सह्याद्रीतल्या काळ्या उंदरात आणि सताराईत भिंत शाबूत आहे. तिकडे अमेरिकेत काय झाले ते पाहा. काळा उंदीर आणि त्याचा पूर्व आशियातला भाऊबंद, रॅटस तानेझुमी, दोघेही जहाजांतून तिथे उतरले. मूळ गावी हे दोघे बहुतांशी आपापल्या मुलखात राहतात. अमेरिकेत परके झाल्यावर त्यांच्यात संकर झाला आणि जनुके इकडून तिकडे गेली, असे 2012 मधल्या एका अभ्यासात दिसले. म्हणजे नाते किती जवळचे आहे एवढ्यावर संकर ठरत नाही. तुम्ही त्यांना कुठे, कशा परिस्थितीत आणून टाकता, यावरही तो ठरतो. मोडतोड झालेल्या जागी, जिथे दोघांचेही घर नाही, तिथे भिंती लवकर पडतात.

आणि आता आमच्या दोन तालुक्यांकडे पाहा. घाटाखालून कसाऱ्याची रेल्वे जाते, माळशेजचा रस्ता मुरबाडवरून जातो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी सुरू झाला, तो शहापुरातूनच जातो आणि जिथे संपतो तिथून भिवंडीची गोदामे जवळ आहेत. देशभरातून येणारे धान्य, कापड, खोकी या गोदामांत उतरतात, आणि न्हावा-शेव्याच्या बंदरातून आलेले कंटेनरही इकडे येतात. उंदराला तिकीट लागत नाही. हिमयुग संपल्यावर जंगलाला एका घळीतून दुसऱ्या घळीपर्यंत पोहोचायला शेकडो वर्षे लागली असतील. आज बिहारच्या पोत्यातला उंदीर दोन दिवसांत आसनगावला पोहोचतो. आमच्याकडे गोदामे आली म्हणून मी रडत नाही, पोरांना तिथे काम मिळते. पण त्या गोदामांच्या मागे जे जंगल आहे, ते तानसा अभयारण्य आणि घाटाच्या बाजूला भीमाशंकर अभयारण्य आहे. भीमाशंकरमध्ये वनखाते राज्यप्राणी शेकरूची घरटी मोजते. उंदीर कोणी मोजत नाही, तो सुंदर नाही म्हणून.

आता विषाकडे येतो, कारण मला खरे बोलायचे आहे ते याबद्दल.

झिंक फॉस्फाइड पोटात गेले की त्याचा विषारी वायू होतो आणि उंदीर काही तासांत मरतो. त्याचा दोष असा की शेजारचा उंदीर मेलेला पाहून किंवा स्वतः थोडे खाऊन आजारी पडून बाकीचे शहाणे होतात. म्हणून आधी दोन दिवस साधे, बिनविषाचे आमिष टाकायचे असते. ही पायरी शेतकरी गाळतात, कारण दोन दिवस उंदराला फुकट जेवू घालणे त्यांना पटत नाही. दुसरे विष ब्रोमॅडिओलोन, मेणाच्या वड्यांत येणारे. ते रक्त गोठू देत नाही. उंदीर तीन-चार दिवसांनी मरतो, त्यामुळे बाकीच्यांना संशय येत नाही. हे विष ज्या कुळातले आहे त्याचा मूळ पुरुष वॉरफरीन. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात, सडलेले गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने का मरतात हे शोधताना तो सापडला आणि 1948 मध्ये उंदराचे विष म्हणून बाजारात आला. दहाच वर्षांनी, 1958 मध्ये, स्कॉटलंडमध्ये त्याला न जुमानणारे उंदीर सापडले. इथपर्यंतची गोष्ट कीटकनाशकांसारखीच आहे: विष टाका, वाचलेले वाढतात.

पुढची गोष्ट वेगळी आहे. अल्जेरियन उंदीर नावाचा एक रानातला पिटुकला उंदीर उत्तर आफ्रिका आणि स्पेनकडे राहतो. युरोपातल्या घरातल्या पिटुकल्या उंदरापासून तो पंधरा ते तीस लाख वर्षांपूर्वी वेगळा झाला. दोघांच्या संकरातले नर बहुतेक वांझ असतात. अशा जोडीतून काही निष्पन्न होणार नाही असे कोणीही म्हणाले असते. पण 2011 मध्ये मायकेल कोन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की स्पेन आणि जर्मनीतल्या घरातल्या पिटुकल्या उंदरांत रक्त गोठण्याशी संबंधित एक जनुक या रानउंदराचे आहे, आणि त्या जनुकामुळे वॉरफरीनच्या कुळातली विषे त्यांना बाधत नाहीत. जर्मनीत अल्जेरियन उंदीर राहत नाही. जनुक मात्र पोहोचले. नर पिल्ले वांझ निघाली तरी एखादी प्रजननक्षम मादी झाली, तिचे वंशज विषातून वाचले, बाकीचे मेले. वॉरफरीन बाजारात आले नसते तर हे उसने जनुक केव्हाच विरून गेले असते. विषानेच ते निवडले आणि पसरवले.

म्हणजे आपण एखाद्या रानातल्या उंदराला मारायचे ठरवले नाही, त्याच्याकडे लक्षही दिले नाही, तरी त्याच्या पेशीत आपल्या विषाचा उतारा असू शकतो. आणि तो उतारा घरातल्या उंदरापर्यंत पोहोचण्याचे रस्ते आपणच बांधत असतो. ‘सगळे उंदीर सारखेच’ म्हणून एकच वडी सगळ्या बिळांत टाकणे यासाठी मला मूर्खपणाचे वाटते. आमच्या एका बैठकीत मी विचारले होते की कोणत्या जातीचे उंदीर मेले याची नोंद ठेवायची का. उत्तर आले की रकाना नाही. अहवालात रकाना होता तो किती हेक्टरवर विष टाकले त्याचा.

संकराने काही वेळा जात गिळलीही जाते, हे मला नाकारायचे नाही. 2023 मध्ये पुण्याजवळच्या माळरानावरचे दोन प्राणी लांडगा आणि कुत्रा यांचे संकर असल्याचे जनुकीय चाचणीने भारतात पहिल्यांदा सिद्ध झाले. तिथे लांडगे कमी आणि भटकी कुत्री अमाप, त्यामुळे लांडग्याचे लांडगेपण धोक्यात आहे. तो संकर थांबवायलाच हवा, आणि कुत्र्यांचा बंदोबस्त करूनच तो थांबेल. पण या शोधाची सुरुवात कशी झाली हे विसरू नये. माळरानावर फिरणाऱ्या साध्या माणसांना एक विचित्र पिवळसर रंगाचा लांडगा दिसला, त्यांनी तो नोंदवला, आणि मग प्रयोगशाळा आल्या. उंदराच्या बाबतीत आमच्याकडे अशी नजर असलेली माणसे आहेत. ती कातकरी माणसे बांधावरचे काम संपले की वीटभट्टीवर जातात.

तामिळनाडूत इरुळा आदिवासींचे कसबही असेच वाया जात होते. साप पकडण्याचे त्यांचे कसब कायद्याने बेकायदा ठरले होते. 1978 मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, सापाचे विष काढून ते प्रतिविष बनवणाऱ्यांना विकू लागली आणि त्याच कसबाला मजुरी मिळू लागली. कातकऱ्यांच्या उंदीर पकडण्याला आपण अजून गरिबी समजतो. राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांत त्यांची गणना आहे, योजना त्यांच्या नावाने येतात, पण खाचरातल्या घुशीचे बीळ उकरून तिचे कोठार बाहेर काढण्याची मजुरी कोणत्याही दरपत्रकात नाही. मी पाहिले आहे की एक चांगली कातकरी जोडी सकाळच्या वेळात जेवढी बिळे साफ करते, तेवढी आमच्या पुड्यांनी होत नाहीत. आणि त्यात घुबड मरत नाही. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर अर्धमेला होऊन उघड्यावर फिरतो, तो गव्हाणी घुबड किंवा धामण खाते, आणि पुढच्या वर्षी उंदीर मारणारे दोन हात कमी झालेले असतात.

जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाने आणि तालुका कृषी कार्यालयांनी या वर्षी दोनच गोष्टी कराव्यात. कापणीनंतरच्या महिन्यात कातकऱ्यांच्या टोळ्यांना बिळे उघडण्याची मजुरी द्यावी, रोजगार हमीतून द्यावी किंवा मोहिमेच्या विषाच्या रकमेतून. आणि त्यांनी पकडलेल्या उंदरांपैकी काहींच्या शेपटीचा छोटा तुकडा अल्कोहोलच्या बाटलीत ठेवावा, बाटलीवर गाव, तारीख, खाचर की घर की जंगलाची कड, आणि पकडणाऱ्याने सांगितलेले नाव लिहावे. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र आहे, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, हैदराबादला सीसीएमबी ही पेशी आणि रेणू जीवशास्त्राची संस्था आहे, आणि पीक खाणाऱ्या प्राण्यांच्या नियंत्रणाचे देशभराचे काम जोधपूरच्या काझरी या शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेतून चालते. बाटल्या तिकडे पाठवायचा खर्च एका मोहिमेच्या पत्रकांपेक्षा कमी येईल. सताराई माहुलीच्या आणि सिद्धगडाच्या जंगलात आहे का, गोदामांकडून येणाऱ्या उंदरांत कोणाचे जनुक आहे, विष कोणावर चालते आणि कोणावर नाही, हे सगळे त्या बाटल्यांतून कळेल.

तोपर्यंत शेतकऱ्यांना एवढीच विनंती. आधी संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवा आणि सकाळी उघडलेलीच खरी समजा. झिंक फॉस्फाइड वापरणार असाल तर दोन दिवस साधे आमिष टाकायला कंटाळू नका. ब्रोमॅडिओलोनची वडी बांधावर उघडी ठेवू नका, काठीने बिळात खोल सारा, आणि मेलेला उंदीर दिसला तर ओढ्यात न फेकता हातभर खड्ड्यात पुरा. आणि बांधावर कातकरी आला तर त्याला हाकलू नका, त्याला विचारा आत कोण आहे.